वाढवलेली गाठ

माय, तुला जाऊन सत्तावीस वर्षं झाली, आणि तुला जे झालं होतं तेच आता मला झालं आहे. असं एकदम सांगायला नको होतं, पण आडवळणाचं बोलणं तुला कधी आवडलं नाही. घाबरू नकोस. माझं तुझ्यापेक्षा लवकर कळलं. ऑपरेशन झालं, अंडाशयातली गाठ निघाली, केमोच्या दोन फेऱ्या झाल्या आहेत.

तुझं पोट फुगत गेलं तेव्हा आपण त्याला वायगोळा म्हणालो. ओवा, हिंग, गरम पाण्याची पिशवी. धामणगावच्या बाजारात तू वांग्याची पाटी घेऊन बसली आहेस आणि शेजारची भाजीवाली हसते आहे, "काऊन वं, या वयात पाळना बांधून राह्यली का?" तूही हसतेस, "हाव, तूच ये बारशाले, कुंची घेऊन." मी तुझ्या पाठीमागे मिरच्या निवडत असते आणि लाजेने मान वर करत नाही. पुढे अकोल्याच्या डॉक्टरांनी पोटातलं पाणी काढलं तेव्हा फार उशीर झाला होता.

माझ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, मुंबईच्या दवाखान्यात, एक तरुण संशोधक मुलगी कागद घेऊन आली. उद्या काढतील त्या गाठीचा एक तुकडा आम्हाला द्याल का, म्हणाली. त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या, त्यांचे मोहरीहूनही बारीक गोळे होतात, ऑरगॅनॉइड म्हणतात त्यांना. अंगातली गाठ जशी वागते, बरेचसे तसेच ते काचेच्या बशीत वागतात. मग कुठलं औषध लागू पडतं आणि कुठलं नाही, ते त्यांच्यावर बघायचं. हे संशोधन आहे, तुमच्या उपचाराला उपयोग होईलच असं नाही, हेही तिने स्वच्छ सांगितलं.

मावशी सोबत होती, तुझी धाकटी बहीण. ती खवळली. "म्या बहीन घालवली या गाठीपायी. अन तुमी तिले चारून-पाजून वाढवून राह्यले?" मुलगी गोंधळली. मीही पेन खाली ठेवलं. मलाही तसंच वाटत होतं. ती गाठ जगात कुठेच जिवंत राहायला नको होती.

तेव्हा आपलं स्वयंपाकघर आठवलं. मी तेरा वर्षांची, हातात नव्या बांगड्या. एक चुलीच्या कडेवर आपटते आणि मी ओरडते, "माय, बांगडी फुटली!" तू कणकेच्या हाताने माझं तोंड दाबतेस. "फुटली म्हनू नोको. वाढली म्हनाव." नारळसुद्धा तू कधी फोडला नाहीस, वाढवलास. मोठं होणं आणि फुटणं, दोन्हीला एकच शब्द, आणि इतक्या वर्षांत मी त्याचा कधी विचारही केला नव्हता. मी म्हटलं, "मावशे, नारळ वाढवतेत ना, तशी वाढवून राह्यले."  मावशी त्या मुलीकडे वळून म्हणाली, "मंग जरा जोरानं वाढवा, बाई." मुलीला काय समजलं देव जाणे, पण आम्ही तिघी हसलो. मी सही केली.

परवा तपासणीला गेले तेव्हा तिने मला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. "सगळ्यांचे जगत नाहीत, ताई. तुमचे जगले." राग यावा की कौतुक वाटावं, मला कळेना. एका बशीत गोळे गुटगुटीत, अगदी गोल. दुसऱ्या बशीत औषध घातलेलं, मला चालू आहे तेच. तिथले काळवंडून विस्कटले होते. "एवढ्यावरून काही ठरवू नका हं," ती म्हणाली. मी हो म्हटलं, आणि सूक्ष्मदर्शकावरून डोळा हटवला नाही.

गावात आता सगळे म्हणतात, पुढच्या बायांसाठी केलं हिनं. मीही मान हलवते. हे पत्र घडी करून साड्यांखाली ठेवते आहे, पाठवणार कुठे? पण तुझ्याशी खोटं बोलवत नाही. सही करताना मला त्या पुढच्या बायांतली एकही आठवली नव्हती. माय, मले अजून जगायचं हाये.