मिठागरातून झेललेली ओळ

नवघर, भाईंदर (पूर्व)

प्रिय काशीनाथ यास,

महिपतचा सप्रेम नमस्कार. तुझे गुडघे आणि तुझा आंबा, यंदा दोन्हींपैकी काय धरलं ते कळव. मी ठीक. इमारतीतली माणसं मात्र माझ्याशी बोलत नाहीत, त्याची हकीकत अशी.

पंधरा ऑगस्टला सोसायटीने मला माईक दिला (खरं तर मी घेतला) आणि मी आपल्या गुरुजींचं मिठाच्या सत्याग्रहाचं गाणं काढलं, ‘मूठ सुटणार नाही, मीठ देणार नाही’. शिस्त आठवते ना? एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी झेलायची. झेलल्याशिवाय पुढची ओळ नाही, आणि चौथं कडवं झाल्याशिवाय प्रभातफेरीतल्या कोणी घरी जायचं नाही. आमच्या सोसायटीत झेलणार कोण? मी पहिली ओळ म्हणून थांबलो. सेक्रेटरी ईश्वरभाई म्हणाले, “काका, आगे बढ़ो ना, समोसा ठंडा हो रहा है!” तेवढ्यात भिंतीपलीकडच्या बंद पडलेल्या मिठागरातून ओळ परत आली. पन्नासेक गळे, त्यांत बायकासुद्धा. माईकवाल्याने घाबरून वायर उपटली, तरी ते झेलतच राहिले. तीन कडवी झाली. चौथं मला आठवेना. पलीकडेही शांतता पसरली. पण ती माणसं निघून गेल्याची नव्हे, उभी राहिल्याची.

तेव्हापासून सकाळी गॅलरीत मी दात घासताना गुणगुणलो तरी ते झेलतात. नात समिधाने मोबाईलवर रेकॉर्ड केलं, तर त्यात माझाच आवाज आणि मध्ये बरोबर एकेका ओळीएवढी शांतता. सून आशा म्हणते, “बाबा, खिडकी लावा, दूधवाला वर यायला घाबरतोय.” सोसायटीने नोटीस काढली, ‘बाहेरच्या व्यक्तींना गायनास बोलावू नये’. (नोटीस देऊन जिना उतरताना ईश्वरभाई मात्र दुसरं कडवं गुणगुणत होते, थोडं गुजराती वळणाने.) हे गाणं कुठल्या क्रमिक पुस्तकात आलं नाही रे, पण देश म्हणजे काय, ते मला नकाशाच्या आधी त्यातूनच कळलं होतं.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
महिपत

ता. क. : चौथं कडवं तुला येत असेल तर लगेच लिहून पाठव. काल ओळ जिन्यातून झेलली गेली. पायऱ्यांवर मिठाची पावलं उमटली होती; झाडूवालीने पुसली, ती परत उमटली.

आणखी एक : खोटं बोललो. चौथं कडवं मला तिसऱ्याच दिवशी आठवलं. पण ते म्हटलं की ती सगळी घरी जातील, मग माझी ओळ झेलणार कोण? सत्याग्रहापासून इतकी वर्षं उभी आहेत बिचारी, लाज वाटते. तू ये. तू समोर असलास तर म्हणेन. लिफ्ट चालू आहे. जिन्याने येऊ नकोस, तिथे दाटी आहे.