दोन्ही कागदांवर आईची सही

नागपूर, रविवार संध्याकाळ

अजून खरं वाटत नाही. बागेत सायकलींसाठी वाट करावी की नाही, यावर आज वस्तीची बैठक होती. शेजारच्या काकूंनी विरोधाचा अर्ज पुढे केला आणि त्यावर पहिलीच सही आईची. खाली घसरत जाणारी ती अक्षरांवरची रेघ मी कुठेही ओळखेन. मीच शिकवली ना तिला सही. वाट व्हावी म्हणून मी केलेल्या अर्जावरही तीच होती. मागून कोणी म्हणालं, “पहिले घरच्यायले तर मनव, पोरी.” सगळे हसले.

घरी येऊन विचारलं, “आई, काहून केली सही?”

भाकरी थापतच ती म्हणाली, “काकूनं पुरा कागद वाचून दाखवला. आम्ही बाया सकाळी बसतो, त्याच गवतावरून सायकली जातीन. मले पटलं.”

“मग माझ्या कागदावर?”

“तू म्हणाली इथं कर, म्हणून केली वं.”

चिडावं तरी कुणावर? न वाचता सही करू नका, हे मी वस्तीभर सांगत फिरते. आईला वाचता येत नाही, हे माहीत असून मी फक्त बोट ठेवून जागा दाखवली. ती घसरलेली रेघ डोळ्यांपुढून जात नाही. त्या दोन सह्यांपैकी तिची स्वतःची एकच, आणि ती माझ्या कागदावर नाही.