मेणाच्या चार नळ्या आणि एक तासणी

पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावे. मी फेलिक्स अंतोन मिस्किटा, वय वर्षे बावन्न, धंदा घड्याळदुरुस्ती (कोणाकडे न शिकता), राहणार कोलशेत, जिल्हा ठाणे, डोके ठिकाणावर असताना व कोणी हात न धरता हे लिहून ठेवतो. येत्या सोमवारी मुंबईस मुतखडा काढून घ्यायला जात आहे. डॉक्टर म्हणतो, भिण्याचे कारण नाही. पण त्याचे घड्याळ अकरा मिनिटे पुढे आहे, म्हणून हे मृत्युपत्र.

१. राहते घर व परसातील दोन चिंचा थोरली बहीण मॅग्डलीन हिला. आईमागे तिनेच मला वाढवले. कमी मारून वाढवले असे मात्र नाही.

२. घड्याळाची हत्यारे गावच्या चर्चला. तिथले घड्याळ सात मिनिटे मागे आहे. पाद्रीबाबांना तीनदा सांगितले. ते म्हणाले, "फेलिक्स, देवाला घाई नाही." देवाला नसेल, सकाळच्या मिस्साच्या प्रार्थनेला उपाशी येणाऱ्यांना आहे.

३. फोनोग्राफ यंत्र, कर्णा व मेणाच्या चार नळ्या. या नळ्यांवर एकच गाणे चौघांनी गायले. वाजते ते तिघांचेच. खरा इतिहास असा.

"होडी माझी चिखलात, नवरा माझा विचारात" हे गाणे मॅग्डलीनचे. सन १८८९ मध्ये शेजारच्या क्लाराच्या लग्नाच्या आदल्या दिवशी बायका नवरीच्या न्हाणासाठी उंबराचे पाणी आणायला वाजतगाजत विहिरीवर निघाल्या, तेव्हा तिने ते चालता चालता रचले. घागरी भरून परत येईपर्यंत सगळ्यांना पाठ होते.

१८९६ साली गिरणीतल्या एका साहेबाने विलायतेस जाताना बिघडलेले यंत्र मला देऊन टाकले. मी ते पुस्तकाविना दुरुस्त केले. पहिल्या नळीवर मॅग्डलीन गायली. दुसऱ्या कडव्यात मध्येच ओरडली, "अरं फेलिक्सा, मांजरीनं बोंबील नेला रं!" ते ओरडणेही मेणात उतरले. मला चूक खपत नाही. यंत्रासोबत येणाऱ्या तासणीने मी नळी तासून कोरी केली. मॅग्डलीनला कळले तेव्हा म्हणाली, "माझा गला काय दुधीची साल हाय?" त्या दिवसापासून ती गायली नाही.

नळी दुसरी: मॉरिस बँडवाला. ताल बिनचूक, आवाज बोकडाचा. सुरुवातीलाच स्वतःचे नाव ओरडला, म्हणून विठ्ठलवाडीपासून ठाकुर्लीपर्यंत लोक या गाण्यालाच "मॉरिसचे गाणे" म्हणतात. नळी तिसरी: कल्याणच्या सगुणाबाई. त्यांनी लावणी केली आणि नवरा का विचारात पडला याचा असा खुलासा केला की मी कर्ण्याकडेच बघत राहिलो. नळी चौथी: त्र्यंबकराव मास्तर. होडीत विठोबाला बसवून भजन केले. चिखल तसाच ठेवला.

जिचे गाणे, तिचा आवाज कुठेच नाही. हा गुन्हा माझा आहे.

यंत्र व सर्व नळ्या मॅग्डलीनला. कोणतीही नळी लावण्यापूर्वी "गाणे मॅग्डलीनचे" असे मोठ्याने सांगावे. कोरी नळीही तिलाच. वाटल्यास मेणबत्ती करावी.

४. मॉरिस व त्र्यंबकराव यांना साक्षीदार नेमले आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, हे कायद्याच्या पुस्तकात स्वतः वाचून पाहिले आहे.

५. सह्यांपूर्वी वाढवलेले कलम. वरील मजकूर सर्वांना वाचून दाखवला. मॉरिस म्हणाला, "बोकड खोड." खोडला नाही. मॅग्डलीन मासळी साफ करत होती. म्हणाली, "मेल्यावर नाव घेशील माझं? आता घे की." घेतले. दोनदा घ्यायला लावले. मग हात पुसून ती कर्ण्यापुढे बसली व तिन्ही कडवी गायली. शेवटी म्हणाली, "आता तासलास तर बघ, मुडद्या." तेही मेणात उतरले आहे.

सबब, नळी पहिली आता कोरी नाही. तासणी आजच साक्षीदारांसमक्ष खाडीत टाकली, त्यामुळे ती कोणाला द्यावी हा प्रश्न उरत नाही.

कोलशेत, शनिवार, ता. १२ नोव्हेंबर १८९८

फेलिक्स अंतोन मिस्किटा (स्वहस्ते)

साक्षीदार:
मॉरिस पास्कोल परेरा (बोकडाबद्दल हरकत नोंदवून)
त्र्यंबक रघुनाथ गुप्ते, कल्याण