जड असेल त्यानं

तारनाका, हैदराबाद

तीर्थरूप बाबांना त्रिवेणीचा दंडवत.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. फोन केला की तुम्ही लगेच "घे, आईशी बोल" म्हणता, म्हणून हे पत्र.

काचेच्या पेटीत रंगीत वाळूचे थर घालून एका बाजूनं फळीनं रेटायचं, हे इथल्या प्रयोगशाळेतलं माझं काम. हिमालय कसा उभा राहिला ते त्यात दिसतं. समुद्राचा तळ जड, तो धडकला की निमूट खाली जातो. पण आपली जमीन आणि तिबेटची, दोन्ही हलक्या! खाली जायला कुणीच तयार नाही, मग मधल्या थरांना घड्या पडतात, ते तुटून एकमेकांवर चढतात.

हे जगाला शिकवणारे आमचे दोन सर, लेखावर पहिलं नाव कुणाचं यावरून महिनाभर अबोला धरून बसलेत. खोल्या शेजारीशेजारी, तरी चिठ्ठ्या न्यायच्या मी. पदव्या हातभर, अक्कल चिमूटभर! असली हलकी माणसं मी जन्मात पाहिली नाहीत. झाडलोट करणाऱ्या यादम्मासुद्धा हसतात, "जान देव अम्मा, दोनों बी पोट्टेच हैं."

आईचे गुडघे कसे आहेत? अंगणातल्या लिंबाच्या एका फांदीवरून तुमचं नि काकांचं बोलणं बंद, आणि निरोप घेऊन ती दिवसातून चारदा जिना उतरते, असं प्रशांतदादा सांगत होता.

बाबा, दोघांत जो जड असेल त्यानं खाली जायचं असतं. काका तर खालीच राहतात.

तुमचीच,
त्रिवेणी