एका नावाच्या दोघी

३ नोव्हेंबर
आले बाई एकदाची सासरी! सेंटाने गावच्या टेकडीवर गवती छपरांची सहा गोल घरं, गुरांचा गोठा आणि माणसांची ही जत्रा. माहेरी मी आणि आई दोघीच. इथे आंघोळीलाही रांग! नवरा, लुंगिसा, उद्या खाणीवर परतणार, डिसेंबरात येईल. आज रिवाजाप्रमाणे आत्यासासूबाईंनी गोठ्याच्या दारात पूर्वजांना ऐकवून मला सासरचं नाव ठेवलं, नोखाया. माझं वुयेल्वा हे नाव म्हणे माहेरीच राहिलं. नाव ऐकून बाकीच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. आवडलं नसावं.

९ नोव्हेंबर
मका कांडून कंबरेचा काटा ढिला झाला. धाकटी नणंद झुकिस्वा मला शहरातली बाहुली म्हणून चिडवते. आज मात्र तिनेच सांगितलं, हे नाव आधी थोरल्या जाऊबाईंचं होतं. तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या, मी राहते त्याच घरात. आत्याबाई दूर शहरात राहतात, त्यांच्या ध्यानातच नव्हतं. आणि पूर्वजांसमोर ठेवलेलं नाव मागे घेता येत नाही. छान! विसरल्या त्या, निस्तरायचं मी.

१७ नोव्हेंबर
सासूबाईंनी अंगणातून नोखाया म्हणून हाक मारली. मी टाकीवर पाणी भरत होते. मी बोलायच्या आत माझ्या घरातून कुणीतरी ओ दिली. सासूबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं. मग मला म्हणाल्या, तूच बोलली असशील.

२ डिसेंबर
आता रोज तीच आधी ओ देते. सकाळी मका कांडून तयार होता. मी हातही लावला नव्हता. सासूबाईंनी शाबासकी दिली, माझ्याकडे न बघता. मला जुन्या नावाने हाक मारा म्हणून पाया पडले. झुकिस्वा रडली, पण सुनेचं माहेरचं नाव घेणं म्हणजे घराण्याचा अपमान. फक्त लुंगिसा घेतो, दोघंच असलो की. तो आला की सुटेन.

११ डिसेंबर
मला ताट वाढलं नाही. विचारलं — कुणी मान वर केली नाही. शेजारच्या रिकाम्या जागेपुढे मात्र ताट होतं. बघता बघता ते संपलं.

१६ डिसेंबर
आला! धावले, ओरडले — तो माझ्यापलीकडे बघत होता. सासूबाईंनी हाक मारली. ती बाहेर आली — माझाच झगा घालून — त्याची बॅग घेतली —
तो थबकला. कपाळाला आठ्या. ओळखेल. ओळखतोय. तिच्या कानाशी वाकून हळूच म्हणाला, "वुयेल्वा?"
तिने ओ दिली.
मीही दिली. मोठ्याने दिली — पण माझा आवाज —