म्हाताऱ्या दिव्याखालची नागवेल

सोलापूर, चैत्र वद्य ५, शके १८५४

उन्हाने करपू नये म्हणून नागवेल माजघरात आणून विजेच्या दिव्याखाली ठेवली, ती माझ्याच बुद्धीने. शुक्रवार पेठेत साऱ्यांना घरच्या पानांचे विडे कबूल केले आहेत. वेल मेली तर तोंड कसे दाखवावे?

आज सौभाग्यवती म्हणाली, "दिवा बदला की. पानं पिवळी पडली, तुमचा हट्ट तेवढा हिरवागार हाय!"

"धीर धरावा," मी म्हणालो. पेटतो तो दिवा बदलावयाचा कशासाठी? काच काळवंडली होती, म्हणून राखेने दोनदा घासली. काळेपणा जाईना. अखेर तो दिवा घेऊन नवी पेठेत गेलो.

दुकानदार म्हणाला, "आजोबा, काळं आतून हाय. पेटतंय, पण म्हातारं झालं. त्यात राम न्हाय."

हे वाक्य त्याने माझ्याकडे पाहून का उच्चारावे?

नवा दिवा आणिला व सौभाग्यवती देवळात गेली असता बसविला; पिवळेपणा पानांचा नव्हे, जुन्या उजेडाचा होता. परत येताच ती उद्गारली, "आगं बया, वेल हिरवी दिसाया लागली की!"

"धीर धरावा, असे मी म्हणालोच होतो," मी उत्तरलो. यात असत्य काही नाही. फक्त दिव्याचा उल्लेख राहिला.

तिने वर नव्या दिव्याकडे पाहिले. "व्हय, आन् तुमच्या डोक्यातबी उजेड पडला!"