हवा मोजायची पिशवी

पुणे, १५ जानेवारी २००४

मायला शिवकन्याचा पाया पडून नमस्कार.

आमचं इकडं बराबर चाललंय. रागिणीला दाढा येऊन राहिल्या. बाबाचा गुडघा कसा हाय? शेळी व्याली का?

दादा, पुढचं मायला एकटीलाच वाचून दाखव.

माय, आमच्या घराजवळच्या कारखान्याचा धूर पोटातल्या लेकराला किती बाधतो, हे दवाखान्याला बघायचं व्हतं. म्हणून मी पोटुशी असताना त्यांनी हवा मोजायची पिशवी दिली, दोन दिवस अंगावर वागवायला. आतली मशीन सारखी घरघर करायची. पोटुशीनं पिठाच्या गिरणीत जाऊ नये, घरघरीनं लेकरू दचकतं, असं तूच सांगायचीस. म्हणून मी ती पिशवी टेकडीवरच्या देवळात टांगून ठिवली. तिथं धूर पोचत न्हाई.

तवा पोटात व्हती ती रागिणी आता दीड वर्साची झाली. काल डॉक्टरबाईनं तिला मागून चार येळा हाक मारली. ती वळली न्हाई. बाई त्या पिशवीचा कागद बघून म्हणल्या, "तुमची हवा तर स्वच्छ व्हती."

सोमवारी खरं सांगायला जाणार हाय.

माय, दादाकडून लौकर लिहून पाठीव. तुझ्या हाकेला मी कितव्या महिन्यात वळले व्हते?

तुझी लेक,
शिवकन्या